जाग आल्याबरोबर

मांडीवर थर्मोकोलचा डबा घेऊन
मी मिरजेच्या बसमध्ये बसते.
कंडक्टर विचारतो, कुल्फी काय मॅडम?
मी म्हणते, थुंकी.
तो सुट्टे पैसे न मोजताच पुढं सरकतो.

एकतीस बायकांची थुंकी,
करंगळीएवढ्या नळ्यांत, बर्फात.
हरिपूर, सांगलवाडी, मौजे डिग्रज.
पूर उतरून वर्षं झाली,
भिंतीवरची रेघ रंगाखालून अजून वर येते.

अठरा वर्षं सिव्हिलमध्ये, खोली क्रमांक अकरा.
मग काय वाटलं?
या तीन शब्दांवर माझं घर चाललं.
आता चव्वेचाळिसाव्या वर्षी
चष्म्याचा नंबर वाढवून मेंदू शिकते आहे.
पी व्हॅल्यूतला पी पाण्याचा नव्हे
एवढं कळायला एक अख्खा पावसाळा गेला.

अमिग्डला, बदामाएवढी.
हिप्पोकॅम्पस, म्हणे समुद्री घोडा.
समुद्र मी दोनदा पाहिला
आणि घोडा फक्त वरातीत.
मला ते पेवासारखं वाटतं,
हरिपुरात वडील भरायचे तसलं:
जमिनीखाली, तोंड लिंपलेलं, आत हळद,
वर्षानुवर्षं रंग न उतरणारी.
उघडायच्या दिवशी आधी कंदील सोडायचे.
विझला तर कुणी उतरायचं नाही.
लांब बाभळीखाली बसून राहायचे सगळे,
आतली हवा बाहेर येईपर्यंत,
आणि हमाल कंटाळून म्हणायचे, मालक, आज काय होत न्हाई.

पद्मल मगदूम, क्रमांक एकोणीस.
आलेखात सगळे ठिपके गल्लीतल्यासारखे दाटीवाटीनं,
हिचा एकटाच टेकडीवर.
लॅबमधला अस्लम मुजावर म्हणाला,
मशीन दोनदा लावलं. मशीन बरोबर आहे.
सरांचा निरोप पुण्याहून आला, एकाच ओळीत:
आउटलायर. वगळा.

वगळण्याआधी मी तिच्या घरी गेले.
फॉर्मवर छापलं होतं:
जाग आल्याबरोबर कापूस जिभेखाली धरावा, दोन मिनिटे.
किती वाजता धरला, काकू?
तीनला.
रोज तीनला उठता?
उठायला आदी झोपाय लागतंय न्हवं?
तीनला मी पायरीवर जाती.
खालच्या पायरीला हात लावून बघती,
वल्लं लागतंय का.

मे महिना होता.
आयर्विन पुलाखाली कृष्णा
दगडगोटे दाखवत पडली होती.
चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका,
हे गावातलं पोरगंही सांगेल,
पण तिच्या हाताला फुटाचे आकडे नाहीत.
हात रोज खाली जातो
आणि कोरडा वर येतो,
आणि त्यानं काहीच मिटत नाही.

मग जाग आल्याबरोबर म्हंजे कवा
ते तूच लिव्ह की बाई, ती म्हणाली
आणि चहाला आधण ठेवलं.

चार वर्षं ही बाई माझ्यासमोर बसते.
काय वाटलं ते मी शंभरदा विचारलं असेल.
हात कुठं लावतेस, हे एकदाही नाही.

परत येताना डबा रिकामा होता
तरी मांडीवरच धरला.
मुजावर म्हणाला, वेळेचं घर मोकळं ठेवा, मॅडम,
मनानं सहा वाजता लिहू नका.
मला लिहायचंच होतं, खरं सांगते.
सहा लिहिलं असतं तर
ती तीसजणींसारखी झाली असती,
निदान कागदावर तरी झोपली असती.

सरांना पत्र लिहायला घेतलं:
क्रमांक एकोणीस वगळू नये. कारण,
आणि पुढं दोन दिवस काही सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी फॉर्म नवा छापला.
पहिला प्रश्न: काल रात्री झोप लागली का?
दुसरा: लागली नसेल तर कुठं होतात?
उत्तराला तीन ओळी सोडल्यात.
पुरायच्या नाहीत.